झाडांच्या प्रदर्शन-विक्रीला स्टॉलवाले कसे आणायचे (आणि पुढच्या वर्षीही कसे यावेत)

स्टॉलचं भाडं कमी केलं तरी नर्सरीवाले येत नाहीत, आणि आले तरी पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत, ही तक्रार कोकणात जिथे जिथे झाडांचं वार्षिक प्रदर्शन भरतं तिथे कानावर पडतेच. त्यावर मंडळं उपाय काय काढतात, तर भाडं अजून कमी करा. भाडं हा मुद्दाच नाहीये हो. त्या माणसाला खात्री हवी असते, की गाडी भरून आणलेला माल दोन दिवसांत खपेल, उरला तर मरणार नाही आणि शेजारच्या टेबलावर बसून कोणी त्याचा धंदा पाडणार नाही. ही खात्री द्यायची सगळी कामं तारीख जाहीर करायच्या आधीची आहेत आणि बहुतेक मंडळं ती बॅनर छापल्यावर करतात, नाहीतर करतच नाहीत.

खालचा क्रम लहान-मध्यम प्रदर्शनासाठी आहे, म्हणजे तालुक्याचं गाव, दोन दिवस, पंधरा-वीस स्टॉल. सुरुवात सहा महिने आधी करा. क्रम मोडू नका, बाकी तपशील आपापल्या गावाप्रमाणे बदला.

टप्पा १: आधी स्टॉलवाल्याचा हिशोब तुम्ही मांडा

एक कोरा कागद घ्या आणि समजा, तुम्हीच उरुळी कांचनच्या बाजूचे शोभेच्या झाडांचे नर्सरीवाले आहात आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला दोन दिवसांसाठी यायचंय. आकडे मी समजायला सोपे धरलेत, तुम्ही तुमच्याकडचे खरे भाव विचारून घाला:

- छोटा हत्ती, येऊन-जाऊन भाडं: ९,०००
- दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी: ३,२००
- राहणं-जेवण: २,०००
- स्टॉलभाडं: २,०००
- वाटेत मोडलेला, सुकलेला माल: १,५००

झाले १७,७००. आता शंभराच्या विक्रीत चाळीस सुटतात असं धरलं तर नुसता खर्च निघायला त्याला ४४,२५० रुपयांची विक्री करावी लागते. सरासरी बिल अडीचशेचं धरा, म्हणजे १७७ बिलं. दोन दिवसांत. यात कमाई अजून शून्यच आहे. आणि तुम्ही भाडं अख्खं माफ केलंत तरी १५,७०० उरतातच, म्हणजे त्याची अडचण जराशीच हलली.

आता हाच हिशोब मंडळाच्या बाजूने फिरवा. पंधराच्या पंधरा स्टॉल असे लांबचे असतील तर २,६५५ बिलं फाटायला हवीत. एक कुटुंब तीन स्टॉलवर खरेदी करतं असं मानलं तरी साधारण ८८५ कुटुंबं पाहिजेत, तीही बघायला आलेली नव्हे, पाकीट काढणारी. आपल्या गावात होतात का एवढी? बहुतेक नाही. म्हणून लांबचे तीन-चारच बोलवायचे आणि बाकीचे तासा-दीड तासाच्या अंतरातले. जवळच्या माणसाचं चार-पाच हजारांत भागतं, तो दहा-साडेबारा हजारांच्या विक्रीला मोकळा होतो, रात्री घरी जाऊन झोपतो आणि दुसऱ्या दिवशी संपलेला माल परत भरून आणतो. हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे, लांबचा माणूस हे करूच शकत नाही.

लांबच्यांना मदत करायचीच असेल तर भाड्यात सूट देत बसू नका, खर्चाच्या मोठ्या आकड्याला हात घाला. एकाच पट्ट्यातले दोघे, एक कॅक्टसवाला आणि एक कुंड्यांवाला, एका मोठ्या टेंपोत येतील अशी जोडी लावून द्या. राहायची सोय सभासदाच्या घरी करा. जेवण मंडळाकडनं. हे त्यांच्या लक्षात राहतं.

इथे थांबून बघा: मागच्या वर्षी किती माणसं आली हे सगळ्यांना पाठ असतं, पण हातात पिशवी घेऊन किती बाहेर पडली? हा आकडा नसेल तर यंदा बाहेरच्या गेटवर एका कॉलेजच्या मुलाला बसवा आणि फक्त पिशव्या मोजायला सांगा. पुढच्या वर्षी फोनवर तुमच्याकडे सांगायला तेवढी एकच खरी गोष्ट असणार आहे.

टप्पा २: तारीख

इथे मंडळं हॉल कधी रिकामा आहे ते बघतात. बघायचं असतं ते स्टॉलवाला कधी रिकामा आहे ते.

कोकणात दोन वेगळी कॅलेंडरं चालतात. कलमांचं गिऱ्हाईक मेअखेरपासून जागं होतं, मृगाचा पाऊस लागला की सगळ्यांना एकदम आंबा-काजूची कलमं हवी असतात. पण तेव्हा कलमवाल्याच्या स्वतःच्या दारातच गाड्या उभ्या असतात, तो तुमच्या मंडपात कशाला येईल? त्याच्या आधी एप्रिल-मे म्हणाल तर अर्ध्या कलमवाल्यांची स्वतःची हापूसची बाग असते आणि ते पेट्या भरण्यात अडकलेले असतात. आणि जून-जुलैत घाटावरचा माणूस येतच नाही, कधी कुठल्या घाटात दरड येईल सांगता येत नाही, झाडं भरलेली गाडी रात्रभर अडकून पडली तर माल गेलाच.

शोभेच्या झाडांसाठी दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा. हवा कोरडी, माणसं घराबाहेर पडतात, माल टवटवीत असतो. पण जानेवारीच्या शेवटाला जाऊ नका. तेव्हा पुण्यात एम्प्रेस गार्डनचं प्रदर्शन असतं, त्याच सुमारास मुंबईत राणीच्या बागेतलं, आणि जरा नाव असलेला प्रत्येक स्टॉलवाला तिकडे अडकलेला असतो. तुमच्याकडे कोण येणार, तर ज्याला तिकडे जागा मिळाली नाही तो.

मग डिसेंबरच्या प्रदर्शनात कलमवाल्याचं काय करायचं? त्याला माल विकायला बोलवू नका, बुकिंग घ्यायला बोलवा. टेबलावर नमुन्याची पाच-सहा कलमं, जातींची यादी, आणि पावती पुस्तक. गिऱ्हाईक थोडी रक्कम भरून जूनसाठी वीस कलमं नोंदवतं, कलमवाल्याला आपल्याकडे किती मागणी आहे ते सहा महिने आधी कळतं. गाडीभाडं नाही, माल मरायची भीती नाही. "आमच्याकडे तेव्हा माल नसतो" असं म्हणून फोन ठेवणारा माणूसही याला तयार होतो.

सांभाळा: शिमग्याचे दिवस टाळा, गावं पालखीत असतात. सिंधुदुर्गात असाल तर जत्रांच्या तारखा तपासा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर दर वर्षी कौल लावून ठरते, ती जाहीर व्हायच्या आधी फेब्रुवारीतला शनिवार-रविवार पक्का केलात तर मालवण-कणकवली पट्ट्यात तुमच्याकडे कुत्रं फिरकणार नाही.

टप्पा ३: जागा त्याच्या नजरेने बघून या

जागा बघायला अध्यक्ष आणि खजिनदार जातात, स्टेज कुठे आणि बॅनर कुठे ते ठरवून परत येतात. सोबत एखाद्या स्थानिक नर्सरीवाल्याला न्या. तो पहिल्यांदा नळ उघडून पाणी तोंडात घेऊन बघेल. किनाऱ्याजवळच्या विहिरी-बोअरचं पाणी हिवाळा सरत आला की मचूळ व्हायला लागतं आणि ऑर्किड, फर्न असल्या नाजूक झाडांच्या पानांची टोकं खाऱ्या पाण्याने जळतात. पाणी मचूळ असेल तर दोन दिवसांसाठी टँकर किंवा टाकी भरून ठेवा आणि तसं आधी सांगा.

बाकी बघायच्या गोष्टी पटापट:

- गाडी स्टॉलपासून किती लांब थांबते? पन्नास पावलांपेक्षा जास्त असेल तर हातगाडी आणि दोन मुलं मंडळाची.
- वर पत्रा आहे की कापड? पत्र्याखाली दुपारी झाडं उकडतात. हिरवी शेडनेट सगळ्यात चांगली.
- समुद्राकडनं दुपारनंतर वारा सुटतो. उंच झाडांचे स्टॉल वाऱ्याच्या बाजूला लावू नका. मैदान कातळाचं असेल तर खांब जमिनीत जाणार नाहीत, वाळू भरलेले डबे लागतील, ते मंडपवाल्याला आधीच सांगा.
- मोबाइलची रेंज. आता निम्मं पेमेंट यूपीआयने होतं आणि हॉलच्या आत रेंज नसेल तर गिऱ्हाईक "बाहेर जाऊन करतो" म्हणून जातं ते जातंच. वायफायची सोय होत नसेल तर निदान सुट्ट्या पैशांची पिशवी मंडळाने ठेवावी.
- रात्री मोकाट गुरं आत येतात का? एक गाय रात्रीत अर्धा स्टॉल साफ करते. पहाटे वानर येत असतील तर पहाटेचाही राखणदार लागेल.
- बायकांसाठी स्वच्छ संडास. बचत गटाच्या ताई-वहिनी स्टॉल लावणार असतील तर त्या हा प्रश्न तुम्हाला विचारणार नाहीत, नुसत्या येणार नाहीत.

इथे थांबून बघा: नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, शाळेची जागा असेल तर शाळेचं पत्र, लाउडस्पीकरसाठी पोलीस, या परवानग्या हातात येईपर्यंत एकाही स्टॉलवाल्याला पक्की तारीख सांगू नका. तारीख एकदा पुढे ढकललीत की लांबचा माणूस गेला.

टप्पा ४: कोण हवंय ते ठरवा, मग फोन

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जो येईल त्याला घ्यायचं असं चालतं, मग पाच जण तीच मनीप्लांट-स्नेकप्लांटची ट्रे लावून बसतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकमेकांचे भाव पाडून सगळेच रडतात. एका प्रकाराचे जास्तीत जास्त दोन स्टॉल. हा नियम लेखी ठेवा आणि पाळा, अध्यक्षांच्या मेव्हण्यासाठीसुद्धा मोडू नका.

वीस स्टॉलची एक चालणारी विभागणी अशी: फळझाडांची कलमं दोन, नारळ-सुपारी आणि मसाल्याची रोपं दोन, फुलझाडं दोन, सावलीतली आणि घरातली झाडं दोन, ऑर्किड-अडेनियम-कॅक्टस मिळून तीन, कुंड्या दोन, माती-कोकोपीट-गांडूळखत दोन, अवजारं-ठिबकचं सामान एक, बियाणं आणि भाजीची रोपं एक, माणगा बांबूची रोपं एक, खाण्याचे दोन. आपल्याकडचं गिऱ्हाईक निम्मं तरी परसवाले आणि बागायतवाले असतं हे विसरू नका, त्याला नारळात लावायला काळी मिरी, जायफळ, दालचिनी हवी असते, अशा लाखी बागेची (नारळात मसाल्याची झाडं लावलेल्या बागेची) सगळी रोपं एका ठिकाणी मिळाली तर तो गाडी घेऊन येतो. हे स्टॉल नसतील तर हा माणूस फेरी मारून चहा पिऊन जातो.

घाटावरच्यांना बोलावताना इथे काय जगतं ते सांगा. थंडीतले पिटुनिया बघायला छान, पण आपल्या दमट उकाड्यात आणि खाऱ्या वाऱ्यात किती दिवस टिकतात? गिऱ्हाइकाचं झाड मेलं की तो स्टॉलवाल्याला नाही, प्रदर्शनाला नावं ठेवतो. सोनचाफा, अनंत, जास्वंद, अबोली, जाई-जुई, बकुळ, हे आणा म्हणून सांगा.

मोठं नाव एखादं हवंच असेल तर सरकारी स्टॉल मिळवा: दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, रत्नागिरीजवळ भाट्याचं नारळ संशोधन केंद्र. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ काजू किंवा बाणवली नारळाची खात्रीची रोपं मिळणार म्हटल्यावर लांबनं माणसं येतात आणि त्या गर्दीवर बाकीचे स्टॉल चालतात. पण तिथे फोनवर काम होत नाही, केंद्रप्रमुखांच्या नावाने लेखी पत्र, तेही चार-पाच महिने आधी, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा.

आता महत्त्वाची गोष्ट, कलम आणि रोप. जायफळ आणि कोकम दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी. बियांपासनं केलेल्या रोपात साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळायला काही वर्षं जातात. म्हणून शहाणं गिऱ्हाईक मादी झाडाची काडी लावलेलं कलम घेतं आणि त्याला जास्त पैसे मोजतं. आता एक स्टॉलवाला खरी कलमं घेऊन बसलाय आणि शेजारचा बियांची रोपं "कलमच आहे" म्हणून निम्म्या भावात देतोय. पहिला काय करणार? तो भांडणार नाही, संध्याकाळी गुपचूप माल भरेल आणि परत कधी येणार नाही. चांगले कलमवाले एकेक करून गळतात ते यामुळे. उपाय सोपा आहे: प्रत्येक फळझाडाला आणि मसाल्याच्या रोपाला चिठ्ठी, त्यावर "कलम" किंवा "बियांचं रोप" आणि जातीचं नाव. मंडळातल्या एका जाणत्याने सकाळी फेरी मारून जोड बघायचा. कलम असेल तर खोडावर जोडाची जागा दिसतेच, पट्टी बांधलेली असते नाहीतर गाठ असते, आणि जोडाच्या खालनं फुटवा आलेला असेल तर तो काढलेला हवा. मिरीचंही तसंच: फळफांदीच्या काडीपासनं केलेलं रोप झुडूप होतं, वर चढत नाही, कुंडीला उत्तम पण नारळावर चढवायला निरुपयोगी, तेव्हा चिठ्ठीवर "वेल" की "झुडूप मिरी" ते लिहायला लावा.

कागदपत्रं कुणाची काय बघायची:

- फळझाडांची कलमं विकणाऱ्याकडे रोपवाटिकेचा परवाना हवा, त्यासाठी राज्यात १९६९ चा कायदा आहे. परवान्याची झेरॉक्स फाइलला लावा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतनं लागवड करणाऱ्याला मान्यताप्राप्त रोपवाटिकेचीच कलमं लागतात, त्यामुळे परवाना आणि पक्कं बिल दोन्ही असलेल्या स्टॉलवर शेतकरी आपोआप वळतो. स्टॉलवाल्याला हे सांगा, तो बिलबुक घेऊन येईल.
- रासायनिक खतं आणि कीटकनाशकं विकायला वेगवेगळे परवाने लागतात. नसतील तर ते टेबलावर नकोतच, एका बाटलीपायी अख्ख्या प्रदर्शनाला त्रास.
- जिवंत झाडांवर जीएसटी नाही, पण प्लास्टिकच्या कुंड्यांवर आहे. त्यांचं ते बघतील, तुम्ही फक्त माहीत असू द्या.

सांभाळा: सीतेची वेणी किंवा दुसरी कुठलीही रानातली ऑर्किड्स झाडावरनं ओरबाडून आणून विकायला बसलेला माणूस दिसला तर तिथल्या तिथे उठवा. मंडळाने हे एकदा चालवून घेतलं की जो प्रामाणिकपणे रोपं वाढवून आणतो तो मूर्ख ठरतो.

टप्पा ५: फोन, भेट आणि एक पानाचं पत्र

जवळच्यांना फोन करू नका, जाऊन भेटा. जाताना काहीतरी विकत घ्या, नुसतं आमंत्रण द्यायला गेलेल्या माणसाकडे वर्गणीवाल्यासारखं बघतात. सकाळी पाणी घालायच्या वेळी जाऊ नका, चारनंतर जा.

लांबच्यांना फोन. आणि फोनवर तो काय विचारणार ते ठरलेलं आहे, उत्तरं समोर लिहून बसा. कोल्हापूरकडचा माणूस साधारण असं बोलतो:

"पब्लिक किती असतंय?"
"दादा, गेल्या वर्षी दोन दिवसांत गेटवर ६१० पिशव्या मोजल्या आम्ही." (तुमचा जो असेल तो खरा आकडा. "खूप असतं" म्हणालात की तो मनातनं फोन ठेवतो.)
"माझ्या मालाचं अजून कोण हाय?"
"अडेनियमचे तुम्ही आणि अजून एक जण, तिसरा घेणार नाही. लिहून देतो."
"गाडी आत येती का?"
"स्टॉलच्या मागे लागते. आंबा घाटानं या, रात्री आठपर्यंत पोचलात तर उतरवायला मुलं आहेत."
"उरला माल तर?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मंडळांकडे नसतं आणि तिथेच सौदा फिसकटतो. उत्तर टप्पा ८ मध्ये आहे, ते आधी ठरवून मग फोन करा.

फोननंतर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पान पाठवा. त्यात तारखा आणि वेळा, स्टॉलचं माप, टेबलं-खुर्च्या किती, दिवा-पंखा-प्लग, पाण्याची सोय, गाडी कधी आत घ्यायची आणि कधी बाहेर काढायची, राहणं-जेवण, त्याच्या प्रकाराचे किती स्टॉल, भाडं किती आणि अनामत किती. जागेचा एक फोटो आणि स्टॉल नंबर टाकलेला हाताने काढलेला नकाशा. सहीशिक्क्याचं इंग्रजी फॉर्मॅट नको, वाचतच नाही कोणी.

अनामत जरूर घ्या. समजा भाडं १,००० ठेवलंत तर अनामत ५०० घ्या आणि शेवटच्या दिवशी बंद व्हायच्या वेळेपर्यंत स्टॉल लावलेला असेल तर जागेवर रोख परत. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला निम्मे स्टॉल गुंडाळलेले असतात ना, ते याने थांबतं. अनामत परत द्यायला उशीर केलात तर मात्र उलटं होईल.

इथे थांबून बघा: अनामत आलेल्यांचीच नावं पक्की. "येतो म्हणालेत" हा रकाना वेगळा ठेवा आणि त्यातली नावं बॅनरवर टाकू नका. प्रत्येक प्रकारात एक जवळचा माणूस राखीव धरून ठेवा, जो दोन दिवस आधी सांगितलं तरी येईल.

टप्पा ६: त्यांचा धंदा तुमच्याकडनं पडणार नाही याची सोय

यावर मंडळात भांडणं होतात, होऊ द्या. सभासद घरची रोपं आणतात आणि दहा-वीस रुपयांना विकतात, हौस म्हणून. गिऱ्हाईक तिथे वीस रुपयांचा जास्वंद घेतं आणि शेजारी ऐंशीला बसलेल्या माणसाला "लुटताय काय" विचारतं. सभासदांच्या विक्रीवर बंदी घालायची गरज नाही, पण त्यांचं एकच टेबल असावं, स्टॉलवाल्यांकडे नसतील अशाच झाडांचं, आणि यादी आधी ठरलेली.

दुसरं, गेटवर फुकट रोपवाटप. कोणीतरी पुढारी पाचशे तुळशी नाहीतर आवळे पाठवतो, फोटो निघतात, आणि हातात फुकट रोप आलेला माणूस आत पैसे काढत नाही. वाटप करायचंच असेल तर बाहेर पडताना, बिल दाखवणाऱ्याला.

तिसरं, भाषणं. उद्घाटन सकाळी साडेनऊला उरकून टाका. अकरा ते एक आणि पाच ते सात ही विक्रीची वेळ, तेव्हा माईक बंद. पाहुणे उशिरा आले तर आले तसे त्यांना स्टॉलवर फिरवा, स्टेजवर नेऊ नका.

टप्पा ७: जाहिरात

बॅनर आता छापा, आत्ता. "भव्य प्रदर्शन" लिहून कोणी येत नाही. "जायफळाची कलमं, बाणवली नारळ, अडेनियम, मातीच्या कुंड्या, जूनच्या आंबा कलमांचं बुकिंग" हे लिहा. रोज एका स्टॉलचा एक फोटो गावाच्या ग्रुपवर, भावासकट. तो फोटो त्या स्टॉलवाल्यालाही पाठवा, तो त्याच्या गिऱ्हाइकांना पुढे पाठवतो आणि तुमची जाहिरात फुकटात होते.

आणि प्रदर्शनातल्या झाडांचा विक्रीला उपयोग करा. स्पर्धेत मांडलेल्या सुंदर फर्नसमोर प्रत्येक जण विचारतो "हे मिळेल का?" आणि तिथे बसलेला स्वयंसेवक "नाही, हे बघायचं आहे" म्हणतो. त्याच्या बाजूला एक चिठ्ठी लावा: "असं झाड स्टॉल नंबर ७ वर." एवढ्याने तो माणूस आपल्या पायांनी स्टॉलवर जातो.

टप्पा ८: ते दोन दिवस आणि शेवटची संध्याकाळ

माल आदल्या दिवशी संध्याकाळी उतरवा. येणाऱ्या गाड्यांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा द्या, सगळे एकदम आले की गेटवरच वाद. उतरवताना पानं उलटी करून बघणारा एक माणूस ठेवा: पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी दिसली तर तो ट्रे बाजूला. बाकीचे स्टॉलवाले यावर खूश असतात, त्यांचा माल वाचतो.

दोन सोयी अशा आहेत ज्यांनी विक्री सरळ वाढते आणि खर्च जवळजवळ नाही. एक, ठेव काउंटर. गेटजवळ सावलीत जागा करा, गिऱ्हाईक घेतलेली झाडं तिथे टोकनवर ठेवतं आणि हात मोकळे करून परत आत जातं. हातात दोन कुंड्या असलेला माणूस तिसरी घेत नाही. दुसरी, बांधून द्यायची सोय. आपल्याकडे निम्मी माणसं एसटीने येतात, चार फुटी कलम एसटीत कसं न्यायचं म्हणून घेत नाहीत. गोणपाट, सुतळी, जुने पेपर आणि गाठ मारता येणारा एक माणूस. रिक्षावाल्यांचे नंबर तिथेच लावून ठेवा.

दिवसातनं दोनदा, अकराला आणि चारला, प्रत्येक स्टॉलला चहा आणि "काय हवं-नको?" ही चौकशी. एकटा असलेल्या स्टॉलवाल्याला जेवायला आणि लघवीला जाता यावं म्हणून दोन सभासद बदली म्हणून फिरते ठेवा. जो हे करतो त्याच्याकडे माणसं परत येतात, खरंच.

आता उरलेला माल. तीन वाटा आधीच ठरवून सांगितलेल्या हव्यात. पहिली: प्रदर्शन बंद झाल्यावर सभासदांसाठी ठोक भावात खरेदी. दुसरी: माल एखाद्या स्थानिक नर्सरीवाल्याकडे विकून देण्यासाठी ठेवायचा, महिन्याभरात जेवढा खपेल तेवढ्याचे पैसे. तिसरी: जवळच्या शाळेला किंवा देवस्थानाला हवी असलेली झाडं मंडळाने विकत घेऊन द्यायची, त्यासाठी देणगीदार आधी बघून ठेवायचा. लांबच्या माणसाची परतीची गाडी रिकामी गेली तर त्याचा खर्च झाला तरी जीव हलका असतो.

सांभाळा: ठोक खरेदीची बातमी बाहेर फुटू देऊ नका. "शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्वस्त मिळतं" असं एकदा गावात पसरलं की पुढच्या वर्षी शनिवार सुना जातो.

टप्पा ९: आठ दिवसांच्या आत

प्रत्येकाला फोन करून तीनच गोष्टी विचारा: किती खपलं, काय मागत होते जे तुमच्याकडे नव्हतं, आणि काय गैरसोय झाली. विक्रीचा आकडा सगळे जरा कमीच सांगतात, तो तसाच लिहा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सोन्याचं असतं, पुढच्या वर्षीची स्टॉलची यादी त्यातनंच निघते. ज्याचा खर्च निघाला नाही त्याला पुढच्या वर्षी आधी जागा निवडू द्या. बाकीच्यांकडनंही दोनशे रुपये घेऊन तोच कोपरा राखून ठेवायची सोय ठेवा, बरेच जण तिथल्या तिथे देतात.

आणि हे सगळं, नंबर, परवान्यांच्या झेरॉक्स, कोणी काय आणलं, कोणाला शाकाहारी जेवण लागतं, मंडळाच्या वहीत लिहा. ते सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये असतं, सेक्रेटरी बदलतो, आणि नव्या माणसाला परत पहिल्यापासनं गुगलवर नर्सऱ्या शोधत बसावं लागतं.